डोक्यावर हात कोणाचा

आमच्या इमारतीत मल्याळी ख्रिस्ती मंडळींची तीन बिऱ्हाडं आहेत. रविवारी सकाळी तिन्ही घरांची दारं साधारण एकाच वेळी उघडतात. इस्त्रीचे सदरे आणि साड्या यांचा घोळका लिफ्टपाशी जमतो, गप्पा मारत खाली उतरतो आणि फाटकाबाहेर पडला की तीन दिशांना पांगतो. एक घर सिरो-मलबार कॅथलिक, दुसरं ऑर्थोडॉक्स, तिसरं मार थोमा. भाषा एक, स्वयंपाक एक. पवित्र गुरुवारी पहिल्या घरात तांदूळ आणि उडदाचा पेसहा अप्पम वाफवला जातो, त्यावर झावळीच्या पात्याचा छोटा क्रूस ठेवतात, आणि झाकलेल्या डब्यातून त्याचे तुकडे बाकीच्या दोन घरी पोचतात. गेली काही वर्षं एक तुकडा आमच्याकडेही येतो.

ऑर्थोडॉक्स घरातले आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, मुंबईत पन्नास वर्षं काढलेले, मराठी आपल्याइतकंच सफाईदार. त्यांना एकदा विचारलं, "अंकल, तुम्ही सगळे मूळचे एकच ना? मग चर्च तीन कशाला?" त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "तुमच्यात सख्खे भाऊ कधी कोर्टात जात नाहीत वाटतं?"

ख्रिस्ती धर्मात इतके पंथ का, याचं शाळकरी उत्तर आपल्याला पाठ असतं. १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल फाटले, १५१७ साली ल्यूथरने विटेनबर्गला आपले ९५ मुद्दे मांडले, त्यातून कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट झाले. या दोन तारखांनी आमच्या इमारतीतल्या एकाही घराचा उलगडा होत नाही. त्यांची गोष्ट त्याआधी सुरू होते, तिच्या ऐन मध्यावर गोवा येतं, आणि तिच्यात धर्मशास्त्रापेक्षा भाऊबंदकी जास्त आहे. भाऊबंदकी हा शब्द मी टिंगलीने वापरत नाही. घरात सामाईक असं काही असल्याशिवाय भाऊबंदकी होत नाही.

केरळच्या या ख्रिस्ती समाजाची श्रद्धा अशी की येशूचा शिष्य थोमा इ. स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरच्या बंदरात उतरला आणि त्याने त्यांच्या पूर्वजांना दीक्षा दिली. याला समकालीन पुरावा नाही, पण पुढच्या काळातला भक्कम पुरावा आहे. कोल्लमच्या तरिसापळ्ळी चर्चला ८४९ साली मिळालेले ताम्रपट आजही जपलेले आहेत. त्यांवरच्या साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू अशा तीन लिप्यांत आहेत. मिऱ्याच्या व्यापारासाठी आलेले मुसलमान, पारशी आणि यहुदी एका चर्चच्या दानपत्रावर साक्ष देतात, इतकं हे चर्च किनाऱ्यावर मुरलेलं होतं. समाजाला राजदरबारी मान होता, त्याच्या चालीरीती आसपासच्या नायर-नंबूद्रींशी मिळत्याजुळत्या होत्या, आणि आपल्या धर्माला ते 'मार थोम्मा मार्गम', म्हणजे थोमाचा मार्ग, म्हणत.

घरात सगळं होतं, एक गोष्ट मात्र बाहेरून आणावी लागे. ती म्हणजे बिशप.

पुढच्या सगळ्या भांडणांची नाळ इथेच आहे. जुन्या ख्रिस्ती परंपरेत बिशप कोणी निवडून आला म्हणून बिशप होत नाही. आधीच्या बिशपांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी लागते. त्या बिशपांच्या डोक्यावर त्यांच्या आधीच्यांनी हात ठेवलेला असतो, आणि ही साखळी मागे जात जात येशूच्या शिष्यांपर्यंत पोचते असं मानतात. आपल्याकडे गुरुपरंपरा सांगतात, कोण कोणाचा अनुगृहीत, तसंच काहीसं. बिशप नसेल तर नवा पाद्री होत नाही, पाद्री नसेल तर कुर्बाना, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा तो मुख्य विधी, होत नाही. मग चर्चच्या नुसत्या चार भिंती उरतात. केरळच्या लोकांना हा हात पर्शियाच्या चर्चकडून यायचा. जहाजातून एखादा सिरियाक बोलणारा बिशप उतरे, त्याला मल्याळम यायची नाही, तो दीक्षा देई, कुर्बाना करी आणि समाज त्याला डोक्यावर घेई. प्रत्यक्ष कारभार मात्र घरचा माणूस बघे, तो अर्कदियाकोन. हे पद पकलोमट्टम घराण्यात चाललेलं, आणि त्याला लोक 'जातिक्कु कर्तव्यन' म्हणत. जातीचा कर्ता. हात पाहुण्याचा आणि कारभार घरच्याचा, अशी ही शेकडो वर्षांची वहिवाट होती.

आता जरा पाचव्या शतकात डोकवावं लागतं. हा भाग मी लवकर उरकतो, कारण मलाच तो तीनदा वाचल्यावर कळला. ४३१ साली इफिससच्या धर्मसभेत वाद झाला की मरियेला 'देवमाता' म्हणायचं की 'ख्रिस्तमाता'. कॉन्स्टँटिनोपलचा प्रमुख नेस्तोरियस दुसऱ्या बाजूचा होता, तो हरला आणि पदावरून गेला. ४५१ साली काल्सिदोनच्या सभेने ठरवलं की ख्रिस्त एकच, पण त्याचे स्वभाव दोन, देवाचा आणि माणसाचा. इजिप्त आणि सिरियातल्या अनेकांना हे 'दोन' मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, एकदा एकरूप झाल्यावर दोन मोजायचे कशाला? ते वेगळे झाले. उलट रोमन सरहद्दीपलीकडचं पर्शियाचं चर्च दोन स्वभावांवर इतका भर देई की बाकीच्यांनी त्याच्यावर 'नेस्तोरियन' हा शिक्का मारला. तीन बाकं मांडल्यासारखं झालं. एका टोकाला पर्शिया, दुसऱ्या टोकाला अँटिओकचे सिरियन, मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल. मलबारचा ख्रिस्ती माणूस पहिल्या बाकावर बसलेला होता, पण आपण बाकावर बसलो आहोत हेही त्याच्या गावी नसावं. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत तो तिन्ही बाकांवर बसून आला, तोही आपलं गाव न सोडता.

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. चारेक वर्षांनी तो परत आला तेव्हा या ख्रिस्ती मंडळींनी त्याचं स्वागत केलं. समुद्रावर बळकट झालेला एक ख्रिस्ती राजा आपला पाठीराखा होईल, अशी त्यांची साधी अटकळ. पोर्तुगीजांना हे ख्रिस्ती बघून आधी आनंद झाला, मग शंका आली. पोपचं नाव प्रार्थनेत नाही, पाद्री लग्न करतात, चर्चमध्ये मूर्ती नाहीत, आणि बिशप येतो बाबिलोनकडून. पोर्तुगीजांच्या लेखी धर्म एक, राजा एक आणि बिशपांची नेमणूक करायचा हक्कही त्याच राजाचा. गोव्याचं बिशपपद १५५७ मध्ये आर्चबिशपपद झालं, १५६० मध्ये तिथे धर्मन्यायालय बसलं. आणि महत्त्वाचं म्हणजे समुद्र त्यांच्या ताब्यात होता. होर्मुझपासून कोचीपर्यंत त्यांच्या परवान्याशिवाय जहाज हलत नव्हतं. ज्याच्या हाती समुद्र, त्याच्या हाती मलबारचा बिशप.

१५९७ च्या सुरुवातीला अंगमाळीला मार अब्राहाम वारला. पर्शियाकडून आलेला तो शेवटचा मेत्रान, म्हणजे महाबिशप. गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस तेव्हा चाळिशीच्याही आतला होता. हुशार, धाडसी आणि हट्टी माणूस. पुढे काही काळ त्याने गव्हर्नर म्हणून गोव्याचा कारभारही पाहिला. बाबिलोनचा एकही बिशप मलबारला पोचू नये म्हणून त्याने बंदरांवर पहारा बसवला आणि १५९९ मध्ये स्वतः दक्षिणेला निघाला. गावोगावच्या चर्चमध्ये प्रवचनं केली, आजाऱ्यांना भेटला, स्थानिक राजांना भेटी आणि धमक्या दोन्ही दिल्या. वाटेत त्याने नव्या तरुणांना भराभर पाद्रीपदाची दीक्षा दिली. हा डाव ओळखायला फार राजकारण कळावं लागत नाही. सभेच्या आधी सभासद वाढवून ठेवायचे, हे आपल्या सहकारी सोसायट्यांनाही चांगलं ठाऊक आहे.

२० ते २६ जून १५९९. कोचीच्या दक्षिणेला उदयंपेरूर नावाच्या गावात सभा भरली, पोर्तुगीज त्याला 'दियांपेर' म्हणत. दीडशेच्या आसपास कत्तनार, म्हणजे पाद्री, आणि सहाशेहून जास्त गावकरी जमले. ठराव आधीच पोर्तुगीजमध्ये लिहून आणलेले होते. नेस्तोरियसचा धिक्कार, पोपची आज्ञा, पाद्र्यांनी बायका सोडाव्यात, सिरियाक पुस्तकं तपासून दुरुस्त करावीत किंवा जाळावीत. एक ठराव मला फार बोलका वाटतो. थोमाचा मार्ग वेगळा आणि पेत्राचा, म्हणजे रोमचा, मार्ग वेगळा असं म्हणणं चूक आहे, असं त्यात बजावलेलं आहे. ठराव करून बंद करावं लागलं, म्हणजे लोक तसं सर्रास म्हणत असणार. अर्कदियाकोनने सही केली. मग गावोगावची हस्तलिखितं गोळा झाली आणि बरीचशी आगीत गेली. समाजाच्या जुन्या इतिहासातली कितीतरी पानं आपल्याला वाचायलाच मिळत नाहीत, ती या आगीमुळे.

गंमत अशी की याच गोव्यात, याच वर्षांत, साष्टीत बसून थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट येशूची कथा मराठी ओव्यांत रचत होता. त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापून झालं. एकाच राजवटीत, एकाच चर्चच्या आसऱ्याने, एकीकडे परकी कथा देशी छंदात उतरत होती आणि दुसरीकडे देशी रुळलेल्या धर्माची पोथी तपासून जाळली जात होती.

पुढची पन्नास वर्षं जेझुइट बिशपांची. पहिला फ्रान्सिस्को रोझ सिरियाक जाणणारा होता, त्याने जमवून घेतलं. फ्रान्सिस गार्सियाच्या वेळी सगळं तुटेपर्यंत ताणलं गेलं. गार्सियाला अर्कदियाकोन थोमाचे जुने अधिकार खुपत होते, आणि थोमाला बिशपच्या सहीखाली मुकाट राहणं जमत नव्हतं. थोमाने बाहेरच्या जगात पत्रं धाडली: कोणीतरी आम्हाला बिशप पाठवा.

१६५२ मध्ये एक माणूस खरंच आला. त्याचं नाव अहताल्ला. सिरियातला बिशप, सुरतेला उतरला आणि तिथून मैलापूरला पोचला. तिथे जेझुइटांनी त्याला अडकवून ठेवलं. त्याच सुमारास मलबारचे दोन तरुण दियाकोन येशूचा शिष्य थोमा याच्या कबरीच्या यात्रेला मैलापूरला गेले होते. त्यांनी कसंबसं अहताल्लाला गाठलं आणि त्याचं पत्र घेऊन ते घरी परतले. आपल्याला हिंदुस्थान आणि चीनचा धर्मप्रमुख म्हणून नेमलं आहे, असा त्याचा दावा. मलबारमध्ये जणू वणवा पेटला. काही दिवसांनी बातमी आली की त्याला जहाजातून गोव्याला नेताहेत आणि जहाज कोचीला थांबणार आहे. अर्कदियाकोन शेकडो माणसं घेऊन कोचीच्या किल्ल्याशी गेला. मागणी साधी होती: माणूस उतरवा, त्याची कागदपत्रं बघू, खोटा निघाला तर तुमचं तुम्ही बघा. किल्ल्याचे दरवाजे उघडले नाहीत. जहाज निघून गेलं. आणि लगेच अफवा उठली की गळ्यात दगड बांधून त्याला समुद्रात बुडवलं.

तो बुडाला नव्हता. गोव्याहून त्याला युरोपात नेलं आणि काही वर्षांत तो पॅरिसला वारला. त्यातही आणखी एक गाठ आहे. अहताल्ला पूर्वी रोमला जाऊन आलेला होता आणि पोपला मानत होता. पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला हे कुठून कळणार? त्याच्या डोळ्यांसमोर एवढंच होतं की शेवटी आलेला हातही समुद्राने गिळला.

३ जानेवारी १६५३, शुक्रवार. कोचीजवळ मट्टांचेरीच्या चर्चसमोर दगडी क्रूस उभा होता. गर्दी इतकी की सगळ्यांना क्रूसाला हात लावणं शक्य नव्हतं. मग क्रूसाला दोर बांधले, लांबपर्यंत ताणले, आणि दोराला हात लावून लोकांनी शपथ घेतली. ओढीने क्रूस वाकला असं सांगतात, म्हणून ती 'कूनन कुरिशु'ची शपथ, वाकड्या क्रूसाची. शपथेत नेमकं काय म्हटलं? रोमशी राहिलेले सांगतात की जेझुइटांना आणि गार्सियाला मानणार नाही, एवढंच. वेगळे झालेले सांगतात की रोमलाच मानणार नाही. एकच दोर धरलेल्या माणसांचे वंशज आज तो दोर वेगवेगळ्या टोकांनी धरून आहेत. माझा स्वतःचा कल पहिल्या पाठाकडे आहे, कारण त्या दिवशी लोकांचा राग पोपवर असण्यापेक्षा किल्ल्याच्या दरवाज्यावर होता.

रागाने शपथ होते, बिशप होत नाही. २२ मे रोजी आलंगाड इथे बारा कत्तनारांनी थोमाच्या डोक्यावर हात ठेवले आणि तो पहिला मार थोमा झाला. बारा कत्तनार, एकही बिशप नाही. आधाराला अहताल्लाचं म्हणून एक पत्र होतं, बिशप न मिळाल्यास असं करा, अशा अर्थाचं. इट्टी थोम्मन नावाच्या कत्तनाराने ते पुढे केलं. ते खरं होतं की त्यानेच लिहिलं, यावर अजून एकमत नाही. पण माझ्या मते या संपूर्ण इतिहासाची किल्ली त्या बारा हातांत आहे. नियम मोडून बिशप केला, तरी हात ठेवलेच. हात ठेवायचं सोडून आपला पुढारी सरळ निवडला असता तर भांडणच संपलं असतं. तसं कोणाच्या मनातही आलं नाही, आणि थोमाला स्वतःला पुढे हा संशय आयुष्यभर छळत राहिला.

रोमने हे ओळखलं. तिथून कार्मेलाईट संन्यासी जोसेफ सेबास्तियानी आला. तो गावोगाव फिरला आणि लोकांना एकच प्रश्न विचारत राहिला: थोमाच्या डोक्यावर खऱ्या बिशपचा हात आहे का? प्रश्न लागू पडला. ११६ चर्चपैकी ८४ परत फिरली, ३२ थोमाकडे राहिली. एवढ्यात जानेवारी १६६३ मध्ये डचांनी कोची घेतलं. ते प्रॉटेस्टंट, त्यांनी पोर्तुगीज आणि इतर कॅथलिक पाद्र्यांना निघून जायला सांगितलं. सेबास्तियानीने जाण्याआधी कडुत्तुरुत्तीला घाईघाईने एका देशी कत्तनाराला बिशप केलं. त्याचं नाव परंबिल चांडी. मार थोमाचा चुलतभाऊ. एकाच घरातले दोन भाऊ, एक रोमचा बिशप, दुसरा बंडखोरांचा. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या ज्या मुलखाने पाहिल्या, त्या मुलखातल्या वाचकाला यापुढे वेगळं सांगायला नको.

चांडीच्या लोकांना 'पळयकूर', जुने, आणि थोमाच्या लोकांना 'पुत्तनकूर', नवे, अशी नावं पडली. रोमबरोबर राहिले ते जुने आणि रोमला सोडून जुन्या वाटेला जायचं म्हणणारे नवे! साहजिकच पुत्तनकूर म्हणवून घ्यायला आज कोणी तयार नसतं.

थोमाला हात शेवटी १६६५ मध्ये मिळाला. जेरुसलेमहून मार ग्रेगोरिओस अब्दल जलील आला. तो अँटिओकच्या चर्चचा, म्हणजे पाचव्या शतकातल्या त्या दुसऱ्या टोकाच्या बाकावरचा. ज्या लोकांचे आजे-पणजे 'नेस्तोरियन' म्हणून ठपका खात होते, ते आता नेस्तोरियसला सर्वांत कडवा शत्रू मानणाऱ्यांच्या पंगतीला बसले. लोकांनी ते धर्मशास्त्र तपासून पाहिल्याची खूण कुठे सापडत नाही. हात सिरियाचा होता, भाषा सिरियाक होती, लग्न झालेले कत्तनार चालत होते, बास. फरक पडला तो उच्चारात. पूर्वेकडची सिरियाक देवाला 'आलाहा' म्हणते, पश्चिमेकडची 'आलोहो'. नवी पूजापद्धत आणि नवी लिपी रुळायला शंभर वर्षं गेली, पण आजही आमच्या इमारतीतल्या पहिल्या घरी 'आलाहा' आणि दुसऱ्या घरी 'आलोहो' ऐकू येतं. एका काना-मात्रेत अख्खं सतरावं शतक.

यानंतर फाटे भराभर फुटले आणि प्रत्येक फाट्यापाशी तोच प्रश्न उभा होता. १७७२ मध्ये सिरियाहून आलेल्या एका बिशपने कट्टुमंगाट अब्राहाम मार कूरिलोसच्या डोक्यावर हात ठेवला. मार थोमाच्या गादीवर असलेल्याला हा वाटेकरी नको होता. कूरिलोसला कोची संस्थान सोडावं लागलं. तो उत्तरेला तोळियूरला जाऊन राहिला आणि तिथे मूठभर घरांचं एक स्वतंत्र चर्च झालं. त्याच्याकडे आपण परत येऊ.

इंग्रजांच्या काळात मिशनरी आले, कोट्टयमला शिक्षण सुरू झालं, बायबल मल्याळममध्ये वाचलं जाऊ लागलं. मारामोणचे अब्राहाम मल्पान यांनी १८३७ च्या सुमारास कुर्बाना मल्याळममध्ये केली आणि संतांच्या विनवण्या गाळल्या. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये एका संताची लाकडी मूर्ती होती. लोक तिला 'मुत्तप्पन' म्हणत, नवस बोलत, जत्रेला मिरवत. मल्पानांनी ती उचलली आणि विहिरीत टाकली. यातून पुढे मार थोमा चर्च झालं. पण लक्षात घ्या, मल्पानांनाही बिशप लागलाच. त्यांनी पुतण्याला मार्दिनपर्यंत पाठवलं आणि १८४२ मध्ये त्याच्या डोक्यावर अँटिओकच्या पॅट्रिआर्कचा, म्हणजे तिथल्या धर्मप्रमुखाचा, हात ठेवून आणला. सुधारणा ल्यूथरच्या वळणाची, हात अँटिओकचा. प्रकरण त्रावणकोरच्या राजदरबारच्या न्यायालयात गेलं, दहा वर्षं चाललं, आणि १८८९ मध्ये तीनपैकी दोन न्यायाधीशांनी पॅट्रिआर्कच्या बाजूने कौल दिला. सुधारकांची बहुतेक चर्च आणि जमिनी गेल्या. त्यांचे लोक मारामोणला पंपा नदीच्या वाळवंटात मांडव घालून जमू लागले. १८९५ पासून दरवर्षी भरणारी ती सभा आता लाखांची असते.

पॅट्रिआर्कबरोबर राहिलेल्या बाजूलाही भांडण होतंच, तेही चक्क व्याजावरून. १८०८ मध्ये मार थोमाच्या गादीवरच्या मेत्रानाने ईस्ट इंडिया कंपनीकडे तीन हजार पूवराहन, म्हणजे सोन्याचे होन, आठ टक्के व्याजाने कायमचे ठेवले होते. या 'वट्टिपणम'चं व्याज कोणी उचलायचं? तर खऱ्या मेत्रानाने. खरा मेत्रान कोण? ज्याला पॅट्रिआर्क मानेल तो, की ज्याला समाज मानेल तो? १९११ मध्ये पॅट्रिआर्कने मेत्रानाला बहिष्कृत केलं, १९१२ मध्ये दुसऱ्या एका पॅट्रिआर्कच्या हातून मलबारचा स्वतःचा धर्मप्रमुख, 'कातोलिकोस', नेमला गेला, आणि समाज 'बावा कक्षी' (पॅट्रिआर्कचा पक्ष) आणि 'मेत्रान कक्षी' (मेत्रानाचा पक्ष) असा दुभंगला. आजचे जाकोबाइट आणि ऑर्थोडॉक्स ते हेच. १९३० मध्ये या ओढाताणीला कंटाळून मार इवानिओस काही अनुयायांसह रोमकडे गेले, पण पूजा मात्र अँटिओकची ठेवली, ते सिरो-मलंकार. त्रिशूरमध्ये काही जण पुन्हा मूळच्या पर्शियन चर्चला जाऊन मिळाले. म्हणजे पहिल्या बाकावरही कोणीतरी परत जाऊन बसलंच.

ऑर्थोडॉक्स आणि जाकोबाइट यांच्या श्रद्धेत किंवा पूजेत जवळपास काहीच फरक नाही. आणि सर्वांत कडवं भांडण त्यांचंच. १९५८, १९९५, २०१७, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल येतच राहिले. शेवटच्या निकालाने हजारावर चर्चचा कारभार १९३४ च्या घटनेप्रमाणे चालावा असं ठरवलं, आणि ती घटना ऑर्थोडॉक्सांची. मग कुलपं, पोलीस बंदोबस्त, फाटकाबाहेर बसलेल्या म्हाताऱ्या. विरुद्ध कक्षीच्या माणसाचं प्रेत चर्चच्या दफनभूमीत येऊ देत नाहीत म्हणून मृतदेह ताटकळू लागले. २०२० मध्ये केरळ सरकारला कायदा करावा लागला की पूर्वज जिथे पुरले आहेत तिथे माणसाला जागा मिळालीच पाहिजे, विधी हवा तर दुसरीकडे करा. इमारतीतले आजोबा या विषयावर बोलत नाहीत. त्यांच्या पत्नीचं माहेर जाकोबाइट आहे.

हा हात गोव्यापर्यंतही एकदा उलटा आला. आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस हे वेर्ण्याचे कॅथलिक पाद्री, वृत्तपत्रं चालवणारे, पोर्तुगीज सत्तेवर टीका करणारे. १८८६ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्या करारात गोव्याच्या आर्चबिशपचा अधिकार आक्रसला. मुंबईतही त्या काळी एकाच गावठाणात गोव्याकडे बघणारं एक देऊळ आणि थेट रोमकडे बघणारं दुसरं, असा दुहेरी संसार होता. या करारावरून आल्वारिस रोमपासून तुटले, केरळला गेले, आणि १८८९ मध्ये मार जुलिओस या नावाने बिशप झाले. दियांपेरनंतर २९० वर्षांनी गोव्याच्या एका पाद्र्याने मलबारच्या मेत्रानापुढे मान झुकवली. गोव्यात परतल्यावर त्यांना अटक झाली, बिशपचा पोशाख उतरवला गेला. त्यांनी गरिबांसाठी भिक्षा मागितली, पटकीवर आणि कसाव्याच्या लागवडीवर पुस्तिका लिहिल्या, आणि १९२३ मध्ये रायबंदरच्या इस्पितळात देह ठेवला. त्याआधी १८९२ मध्ये कोलंबोला त्यांनी रने विलात या अमेरिकेतल्या पाद्र्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. अमेरिका-युरोपातल्या कित्येक चिमुकल्या स्वतंत्र चर्चची साखळी आज विलातमार्गे वेर्ण्याच्या या माणसापर्यंत येते.

पाचव्या शतकातल्या त्या बाकांचं पुढे काय झालं? १९८४ मध्ये पोप आणि अँटिओकचा पॅट्रिआर्क, १९९४ मध्ये पोप आणि पूर्वेच्या असिरियन चर्चचा प्रमुख, यांनी एकत्र बसून लिहून दिलं की ख्रिस्त खरा देव आणि खरा माणूस आहे हे आपल्याला सर्वांना मान्य आहे, आपले पूर्वज भांडले ते बरंचसं शब्दांवरून. नायसियाची श्रद्धा सर्वांची तीच, बाप्तिस्मा तोच. केरळात आणखीही काही तेच आहे. लग्नात नवरा बायकोच्या गळ्यात पिंपळपानाच्या आकाराचा 'मिन्नू' बांधतो, त्यावर बारीक मण्यांचा क्रूस असतो, आणि तो ओवायचा दोरा तिला दिलेल्या मंत्रकोडी साडीतून काढलेला असतो. हे कॅथलिकांत, ऑर्थोडॉक्सांत, मार थोमात, सगळीकडे. मुलगी लग्नानंतर नवऱ्याच्या चर्चची होते. त्यामुळे बहुतेक घरांत आज्या-काकवांच्या रूपाने दोन-तीन पंथ नांदत असतात.

आणि तोळियूर. हाकलून दिलेल्या त्या बिशपचं ते मूठभर घरांचं चर्च. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या चर्चचे मेत्रान लागोपाठ वारले, सिरियाकडून कोणी येईना, तेव्हा तोळियूरच्या बिशपने येऊन नव्या मेत्रानांच्या डोक्यावर हात ठेवला. परत जाताना त्याने ते चर्च मागितलं नाही. खटला हरून उघड्यावर आलेल्या मार थोमाच्या लोकांना १८९४ मध्ये बिशप हवा होता, तेव्हाही कोट्टयमला हात ठेवायला तोळियूरचाच माणूस आला. दोन्ही चर्चच्या शिकवणुकीत अंतर आहे: तोळियूरला संतांची विनवणी चालते, मार थोमाला नाही. तरी पुढे विसाव्या शतकात तोळियूरचा बिशप वारला आणि गादी रिकामी झाली की मार थोमाचे बिशप हात ठेवायला तिकडे जात. संतांच्या नावाच्या ओळी आल्या की ते काय करत असतील, असं मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "खोकत असतील."